चार बोटं

झीसिस मिस्त्री आला तो नऊ माणसं, तीन खेचरं
आणि आम्हाला एक शब्द न कळणारी गवंड्यांची भाषा घेऊन.
पिंदोसच्या घळीत आमचं गाव:
खाली नदी, वर बर्फ, मध्ये अडीचशे शेळ्या,
आणि दर शरदात, कोठारं भरली की,
बंदुका घेऊन येणारे पाहुणे.

पंच म्हणाले, खिंडीच्या गळ्यात कमान बांध,
आणि कमानीच्या खांद्यात एक पोकळी ठेव.
बाहेरून नुसता दगड दिसावा.
आतून वाट.

झीसिसनं दाढी खाजवली.
मोठं माणूस मावेल एवढी पोकळी
या कमानीला सोसायची नाही, म्हणाला.
मग गावची पोरं रांगेत उभी केली
आणि माझ्या भावाला निवडलं, थिमिओसला.
उकिडवा बसवून गाठींच्या दोरीनं मापलं:
गुडघा ते हनुवटी, पाठ ते नडगी, डोळ्यांची उंची,
चांभार पाय मापतो तसं.
आई दारातून बघत होती.
जित्या पोराचं माप भिंतीसाठी घेऊ नये, म्हणतात आमच्याकडे.
ती काही बोलली नाही. घरात जाऊन मीठ घेऊन आली.

मग चुना. चुन्यात कौलांचा भुगा, शेळीचे केस.
केस पिंजायचं काम माझं,
अजूनही ओल्या चुन्याचा वास आला की बोटं खाजतात.
बीचच्या लाकडाचा साचा, त्यावर पाचरीसारखे दगड,
दोन्ही बाजूंनी एकेक,
बोलणं तुटलेले भाऊबंद लग्नघरात सरकतात तसे
जवळ, जवळ,
आणि मधला दगड बसायच्या आत बर्फ पडलं.
मिस्त्री खेचरं हाकत निघून गेला.
सगळा हिवाळा कमान साच्यावर रेलून होती.

ईस्टरनंतर तो परतला. थिमिओसला बसवलं, दोरी काढली.
चार बोटं.
पोरगा चार बोटं वाढला होता.
झीसिसनं आपल्या भाषेत कुणाच्या तरी आईचा उद्धार केला.
बाप म्हणाला, पोकळी वाढव.
"दगड ठरला तो ठरला. पोर बदला."

म्हणून मी. स्तामो. वय नऊ, अंगानं चिमणी.

साचा काढला तेव्हा कमान बोटभर खाली बसली,
कण्हल्यासारखा आवाज झाला,
आणि थांबली.
सगळ्यांनी टोप्या उडवल्या. थिमिओसनं नाही.

चार शरद मी त्या दगडात बसले.
वाढू नये म्हणून अर्धीच भाकर खायचे.
मुठीत घंटेची दोरी. हुकूम एवढाच:
हत्यार घेऊन कुणी येताना दिसला की ओढ.
जाणाऱ्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.
वरून माणसांचे फक्त टाळू दिसतात.
बापाला टक्कल पडतंय हे घरात पहिलं मला कळलं.

तिसऱ्या वर्षी, एका रात्री, थिमिओस गेला,
खांद्यावर बापाची बंदूक.
वर बघितलं नाही त्यानं.
दोरी मुठीतच राहिली.

चौथ्या वर्षी धुकं होतं.
अकरा माणसं, तळव्यांना चिंध्या बांधलेली.
पुढचा कमानीखाली थांबला, तोंडाला फडकं,
आणि त्यानं मान वर करून थेट फटीकडे पाहिलं,
पाशाच्या शिपायांनाही कधी न सापडलेल्या.
मग हात वर केला.
चार बोटं.

गप्प बस, असं असेल.
मी आहे गं, असं असेल.
ही जागा माझी होती, असंही असेल.

मी दोरी ओढली.

आता त्या पोकळीत पाकोळ्या राहतात.
गाव मला अजून मान देतं,
सणाला दारूचा पहिला पेला माझा.
आईनं मात्र एकदा विचारलं होतं, कणीक मळता मळता,
मान वर न करता:
पुढे होता तो, चालायचा कसा?

मी म्हटलं, धुकं होतं.